हाताकडे बघायला शिकवणारा शल्यविशारद : डॉ. पॉल ब्रँड

अस्थिशल्यचिकित्सेच्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका निवासी डॉक्टरांचा हा प्रश्न आहे. हाताच्या शस्त्रक्रियांचे कोणतेही पुस्तक उघडले तरी टेंडन ट्रान्सफरच्या, म्हणजे एका स्नायूचे टेंडन (त्याला हाडाशी जोडणारी दोरी) दुसऱ्या कामाला लावण्याच्या, प्रकरणात पॉल ब्रँड हे नाव वारंवार येते. हे ब्रँड कोण होते, त्यांच्या नावाच्या शस्त्रक्रियेपलीकडे त्यांचे काम काय होते, आणि कुष्ठरोगाने वाकडे झालेले हात शिकाऊ डॉक्टरला आता क्वचितच बघायला मिळत असताना त्यांच्याकडून नेमके काय शिकावे, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर लांबणार आहे. ब्रँड यांची शस्त्रक्रिया पाच ओळींत सांगता येते, पण ती ज्या निरीक्षणातून निघाली ते निरीक्षण पाच ओळींत मावत नाही, आणि माझ्या मते शिकण्यासारखे तेच आहे. मी तीस वर्षांहून अधिक काळ हातांच्या पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांतले कितीतरी हात कुष्ठरुग्णांचे होते. ब्रँड यांना मी कधी भेटले नाही. ज्या सरांच्या हाताखाली मी शिकले ते वेल्लोरला, ब्रँड यांनी जिथे शिकवले तिथे, शिकून आले होते, आणि त्यांच्या बोलण्यातून, विशेषतः रुग्ण तपासण्याच्या रीतीतून, ब्रँड आमच्या वॉर्डात नेहमी हजर असत.

पॉल ब्रँड यांचा जन्म १७ जुलै १९१४ रोजी तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात झाला. वडील जेसी आणि आई इव्हलिन हे दोघेही इंग्लंडहून आलेले मिशनरी होते. हिवतापाने पछाडलेल्या त्या डोंगराळ मुलखात दवापाणी करणे, शाळा चालवणे, लोकांना सुतारकाम शिकवणे असा त्यांचा दिनक्रम होता. एकदा तीन कुष्ठरुग्ण दाराशी आले, तेव्हा वडिलांनी हातमोजे घालून त्यांचे पाय धुतले आणि मुलांना लांब राहायला सांगितले. ती आठवण ब्रँड यांच्या मनात पुढे कायम राहिली. नवव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले. १९२९ मध्ये वडील हिवतापातूनच उद्भवणाऱ्या ब्लॅकवॉटर फीव्हरने गेले. आई मात्र उतारवयातही डोंगरातल्या वस्त्यांमधून हिंडत राहिली आणि १९७४ मध्ये भारतातच वारली.

डॉक्टर व्हायचे नाही, असे या मुलाने ठरवून टाकले होते, कारण लहानपणी पाहिलेल्या रक्त-पुवाची त्याला किळस बसली होती. सोळाव्या वर्षी शाळा सोडून त्यांनी बांधकामाचा धंदा शिकायला घेतला आणि त्यात सुतारकाम व गवंडीकाम यांवर काही वर्षे घालवली. पुढे मिशनऱ्यांसाठी असलेल्या वैद्यकाच्या एका छोट्या अभ्यासक्रमात त्यांचे मन पालटले आणि ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. तिथेच मार्गारेट बेरी या सहाध्यायिनीशी त्यांची ओळख झाली आणि १९४३ मध्ये विवाह झाला. लंडनवर बॉम्ब पडत होते त्या काळात जखमींवर उपचार करता करता त्यांचे शल्यशिक्षण पुरे झाले. चरित्रे लिहिणारे सुतारकामाची वर्षे एका वाक्यात उरकतात. मला मात्र ती फार महत्त्वाची वाटतात. लाकूड कुठल्या दिशेने चिरते, खिळा किती ताण सोसतो, बिजागरी अर्ध्या सुताने सरकली तर दार कसे अडते, हे ज्याच्या बोटांना कळते, त्याला हाताचा सांधा हे एक यंत्र म्हणून दिसू लागते. पुढे १९८५ मध्ये त्यांनी हाताच्या यांत्रिकीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात प्रत्येक स्नायू किती लांब सरकतो आणि किती जोराने ओढतो याचा हिशेब मांडलेला आहे, आणि त्यात मला तो तरुण सुतार जागोजागी दिसतो.

१९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यशास्त्र शिकवायला आले. पुढच्या वर्षी रॉबर्ट कॉक्रेन हे त्वचारोगतज्ज्ञ त्यांना चेंगलपट्टूच्या कुष्ठरुग्णालयात घेऊन गेले. तिथे जे घडले ते आमच्या शाखेच्या इतिहासातले एक मोठे वळण होते, म्हणून ते सविस्तर सांगते. आवारातून फिरताना ब्रँड यांना आखडलेली, झिजलेली, खुंटे उरलेली बोटे दिसत होती. बोटे अशी का होतात आणि त्यांच्यावर कोणता इलाज चालतो, असे त्यांनी कॉक्रेन यांना विचारले. कॉक्रेन यांनी प्रश्न उलटवला : मी कातडीचा डॉक्टर आहे, हाडांचे आणि सांध्यांचे तुम्ही बघता, आणि जगात लाखो लोकांचे हात या रोगाने वाकडे झाले असताना तुमच्यापैकी एकानेही त्यांचा अभ्यास केलेला नाही, अशा आशयाचे ते बोलले. ब्रँड यांनी जवळच्या एका तरुणाचा आखडलेला हात आपल्या हातात घेतला, त्याच्या वळलेल्या बोटांत आपली बोटे घातली आणि जितका जोर असेल तितक्या जोराने दाबायला सांगितले. हात लुळा असेल, अशी त्यांची समजूत होती. त्या मुलाने असे काही दाबले की त्याची नखे ब्रँड यांच्या हातात रुतली आणि ते कळवळले. त्या वेदनेबरोबरच त्यांच्या लक्षात आले की ज्याला सगळे जण मेलेला हात म्हणत होते, त्यातले मोठे स्नायू ठणठणीत होते.

ही गोष्ट का महत्त्वाची, हे कळण्यासाठी हाताचे यंत्र थोडे समजून घ्यावे लागते. निरोगी माणूस पाण्याचा पेला उचलतो तेव्हा बोटे आधी मुळाशी वाकतात, पुढची पेरे सरळ राहतात, पंजा पुरेसा उघडतो आणि मग संपूर्ण बोट पेल्याभोवती लपेटले जाते. बोट मुळाशी वाकवून पेरे सरळ ठेवण्याचे काम तळहातातले छोटे स्नायू करतात. हाताकडे येणाऱ्या मज्जातंतूंपैकी कोपरापाशी अल्नर नर्व्ह आणि मनगटापाशी मीडियन नर्व्ह निकामी झाली, की हे छोटे स्नायू बंद पडतात. बोटे मिटणारे मोठे स्नायू वरच्या बाजूला, कोपराजवळ असतात आणि त्यांचा बराचसा पुरवठा शाबूत राहतो. परिणामी बोट मुळाशी मागे कलते आणि पेरांत आत वळते, म्हणजे आपण ज्याला क्लॉ हँड म्हणतो तो हात तयार होतो. असा हात पेल्याकडे नेला की बोटांची टोके आधीच आत गुंडाळली जातात, पेला मुठीत येण्याऐवजी पुढे ढकलला जातो, आणि धरलाच तर सगळा भार बोटांच्या टोकांवर येतो. ही टोके बधिर असतात, हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी कहाणी तिथे सुरू होते.

ब्रँड आणि त्यांचे सहकारी यांनी शेकडो रुग्णांचे हात एकेक स्नायू करून तपासले आणि प्रत्येकाची नोंद ठेवली. लुळेपणा कुठेही, कसाही पसरत नाही, तो ठरावीक स्नायूंनाच गाठतो, असे त्यांतून दिसले. मृत रुग्णाच्या शरीरातल्या नर्व्ह एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उघड्या करून पाहिल्यावर सूजही ठरावीक जागीच आढळली : कोपराच्या वर, मनगटाच्या वर, गुडघ्यापाशी, घोट्यापाशी. म्हणजे जिथे नर्व्ह कातडीच्या लगत येते आणि शरीर थोडे थंड असते, तिथे. कुष्ठरोगाच्या जंतूंना थंडावा मानवतो, ही गोष्ट या नकाशाशी तंतोतंत जुळली. शल्यविशारदाच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा होता. जो स्नायू आज चांगला आहे तो उद्याही बहुधा चांगलाच राहणार असेल, तर त्याला बिनधास्त दुसऱ्या कामावर लावता येते.

१९४८ पासून त्यांनी या हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. त्या काळी कुष्ठरुग्णाला सर्वसाधारण वॉर्डात खाट मिळणे दुरापास्त होते, त्यामुळे सुरुवातीचे काम मातीच्या भिंतींच्या खोलीत झाले. पहिली पद्धत त्यांची स्वतःची नव्हती. अमेरिकेतले हाताचे थोर शल्यविशारद स्टर्लिंग बनेल बोटे वाकवणाऱ्या दोन टेंडनपैकी वरवरचे एक टेंडन काढून ते छोट्या स्नायूंच्या जागी जोडत, आणि ब्रँड यांनी तीच रीत उचलली. हात सुधारले. पण काही महिन्यांनी, वर्षांनी तेच रुग्ण पुन्हा तपासल्यावर असे दिसले की काही बोटे आता उलट्या बाजूने वाकत आहेत, मधले पेर मागे झुकत आहे. पेरांना आवर घालणारे टेंडनच काढून घेतल्याचा तो परिणाम होता. ब्रँड यांनी ते झाकले नाही. मनगट मागे उचलणारा एक स्नायू घेऊन, पायातल्या प्लँटारिस या बारीक टेंडनचा तुकडा जोडून त्याच्या चार शेपट्या करायच्या आणि त्या चार बोटांना एकेक जोडायच्या, असा मार्ग त्यांनी काढला. आधी त्या शेपट्या हाताच्या पाठीकडून नेल्या, नंतर दुसरा स्नायू निवडून मनगटाच्या बोगद्यातून तळहाताच्या बाजूने नेल्या. १९५८ मध्ये पक्षाघाती क्लॉ हँडवरचा त्यांचा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यात या प्रवासाचा आधीचा भाग आहे. आजच्या पुस्तकात आपल्याला फक्त शेवटची आकृती दिसते. ती आकृती पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला हे माहीत हवे की तिच्या आधी स्वतःच्याच शस्त्रक्रियांचे निकाल वर्षानुवर्षे मोजणारा आणि न पटलेली रीत सोडून देणारा माणूस आहे.

आता त्या भागाकडे येते, ज्याला मी ब्रँड यांचे सर्वांत मोठे काम समजते. हात सरळ करून घरी गेलेले रुग्ण परत येत, तेव्हा पुष्कळदा बोटे आखूड झालेली असत. बोटे झडणे हा या रोगाचा स्वभावच आहे, असे त्या काळी लोकच काय, डॉक्टरही मानत. ब्रँड यांना हे पटेना, कारण त्यांनी शस्त्रक्रियेसाठी घातलेले छेद या रुग्णांच्या हातांवर इतर कुणाच्याही हातांइतकेच चांगले भरून येत होते. जे मांस इतके नीट भरते ते आपोआप सडेल कसे?

उत्तर त्यांना दोन साध्या प्रसंगांतून सापडत गेले. एका कोठाराचे गंजलेले कुलूप त्यांच्याकडून उघडेना, तेव्हा एक अशक्त दिसणारा, दहाएक वर्षांचा रुग्ण मुलगा पुढे आला आणि त्याने एका झटक्यात किल्ली फिरवली. ब्रँड चकित झाले, आणि तेवढ्यात जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले. मुलाचे बोट किल्लीच्या कडेने हाडापर्यंत कापले गेले होते आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. दुसऱ्या प्रसंगी एक बाई निखाऱ्यांवर कंद भाजत होती. कंद निखाऱ्यांत पडला, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याने सरळ विस्तवात हात घातला आणि तो काढून दिला. आपण किल्ली फिरवताना जोर कुठे थांबवतो? जिथे दुखायला लागते तिथे. दुखणेच नसेल तर जोराला मर्यादा उरत नाही, आणि हे रुग्ण ताकदीने नव्हे तर वेदनेच्या अभावाने बलवान होते.

मग त्यांनी आणि त्यांच्या रुग्णांनी मिळून एकेका जखमेचा माग काढायला सुरुवात केली. नवी जखम दिसली की ती कशाने झाली हे शोधल्याशिवाय सोडायचे नाही, असा नियम झाला. तापलेल्या भांड्याचा कान, कंदिलाची काच, कुदळीच्या दांड्याची फट, चपलेतून वर आलेला खिळा, असा एकेक अपराधी सापडत गेला. काही बोटे मात्र रात्रीत नाहीशी होत आणि त्यांचा उलगडा होईना. शेवटी रात्री पहारा ठेवल्यावर दिसले की उंदीर येऊन झोपलेल्या माणसाची बधिर बोटे कुरतडतात, आणि माणूस झोपेतून जागाही होत नाही. त्यानंतर घरी जाणाऱ्या रुग्णांबरोबर मांजर देण्याची पद्धत पडली. हा प्रसंग ऐकून विद्यार्थी हसतात, म्हणून मी तो नेहमी सावकाश सांगते. हजारो वर्षे ज्याला दैवाचा शाप म्हटले गेले, त्याचे कारण एका रात्रीच्या पहाऱ्यात कळले, आणि त्यावरचा उपाय पाळीव मांजर हा होता. त्याआधी कुणी पहारा ठेवला नव्हता, कारण कुणाला शंकाच आली नव्हती.

हे शिकवताना मी माझी स्वतःची एक चूक सांगते. सोलापूरकडच्या एका मावशींच्या उजव्या हातावर मी चार शेपट्यांची शस्त्रक्रिया केली होती. आधी दोन महिने मेणाचा शेक आणि तेलाची मालिश करून आखडलेली पेरे मोकळी केली, मग शस्त्रक्रिया, मग प्लास्टर. प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपिस्टने त्यांना सांगितले, मनगट मागे उचलायचा विचार करा. त्यांनी तो केला आणि बोटे मुळाशी वाकून सरळ झाली, तेव्हा त्या स्वतःच्या हाताकडे परक्या वस्तूसारख्या बघत राहिल्या. फोटो उत्तम आले, कोन उत्तम आले. सहा महिन्यांनी त्या परत आल्या आणि टेबलावर हात ठेवत म्हणाल्या, “बाई, हात लई झ्याक झालाय, आता भाकरी मीच उलटते.” तर्जनी, मधले बोट आणि अनामिका यांची टोके भाजून काळी पडली होती, आणि एका टोकाचे हाड उघडे पडले होते. वाकड्या बोटांनी त्यांना तव्यावरची भाकरी उलटता येत नव्हती, म्हणून ते काम सून करत असे. मी बोटे सरळ केली आणि ती तव्यापर्यंत पोहोचती केली, पण तवा तापलेला असतो हे बोटांना कळणार नाही, ही गोष्ट मी त्यांना नीट समजावली नव्हती. उलथने वापरा, भांड्याला लाकडी मूठ बसवून घ्या, रोज रात्री दिव्यापाशी बसून बोट अन् बोट तपासा, हे सगळे मी त्या दिवशी शिकवले. ते शस्त्रक्रियेच्या आधी शिकवायला हवे होते. ब्रँड यांनी तीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले मी वाचले होते, पण परीक्षेसाठी वाचले होते.

शस्त्रक्रियेनंतरच्या आयुष्याचा विचार ब्रँड यांनाही एका रुग्णाच्या तक्रारीनेच करायला लावला होता. सरळ झालेले हात घेऊन गेलेले काही जण परत येऊन म्हणाले, डॉक्टर, या हातांना भीक मिळत नाही. रोगाच्या खुणा अंगावर असल्याने काम कुणी देत नव्हते, आणि हात चांगले दिसल्याने दयाही कुणी दाखवत नव्हते. त्यावर १९५१ मध्ये कॉलेजच्या आवारात नवजीव निलयम नावाची छोटी वस्ती उभी राहिली. मातीची घरे, एक कार्यशाळा, आणि तिथे शस्त्रक्रिया झालेल्या तरुणांना सुतारकाम शिकवणारे स्वतः ब्रँड. बधिर हातांनी करवत आणि पटाशी कशी धरावी, कोणत्या अवजाराची मूठ जाड करावी, हे त्यांना तिथे मुलांच्या हातांकडे बघून कळत गेले. साधारण याच सुमारास आपल्याकडे वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन आकार घेत होते, आणि भीक नको, काम हवे, ही गरज दोन्हीकडे सारखीच ओळखली गेली होती. शल्यचिकित्सेच्या बाजूने पाहिले तर महाराष्ट्रात डॉ. नोशीर अंटिया यांनी पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात कुष्ठरुग्णांच्या चेहऱ्याच्या आणि हातांच्या पुनर्रचनेला वाहून घेतले. त्यांच्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे.

शिक्षक म्हणून ब्रँड कसे होते, हे त्यांनीच सांगितलेल्या एका आठवणीतून चांगले कळते. वेल्लोरच्या वॉर्डात एक तरुण इंटर्न रुग्णाच्या खाटेशी गुडघे टेकून बसला होता, त्याचा हात रुग्णाच्या पोटावर होता आणि तो हलक्या आवाजात प्रश्न विचारत होता. ब्रँड एकदम थबकले. त्या मुलाच्या चेहऱ्यावरचा भाव, भुवईची उचल, डोळ्यांतली चौकशी, हे सगळे हुबेहूब त्यांचे लंडनचे प्राध्यापक रॉबिन पिल्चर यांचे होते. तो मुलगा पिल्चर यांना कधीच भेटलेला नव्हता. ब्रँड यांनी विचारल्यावर विद्यार्थी म्हणाले, आम्हाला पिल्चर माहीत नाहीत, सर, हा चेहरा तुमचा आहे. शिक्षकाकडून शिष्याकडे काय जाते, याचे याहून नेमके उदाहरण मला ठाऊक नाही. व्याख्यान वहीत उतरते, पण रुग्णापाशी बसण्याची रीत अंगात उतरते. त्यांच्या दुसऱ्या एका गुरूंची, ग्विन विल्यम्स यांची, सवयही ब्रँड सांगत. लंडनच्या गार रुग्णालयात ते आपला उजवा हात कोटाच्या आत गरम पाण्याच्या पिशवीपाशी ठेवून फेरी घेत, कारण थंड हात लागला की पोटाचे स्नायू आखडतात आणि मग आतले काही कळत नाही. आमचे सर हिवाळ्यात पहिल्या रुग्णाआधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासत असत. ते कुठून आले, हे मला पुष्कळ वर्षांनी, ही आठवण वाचताना समजले.

त्यांच्या हाताखालून गेलेल्यांत अर्नेस्ट फ्रिची हे एक मोठे नाव आहे. वेल्लोरजवळच्या करिगिरीला १९५५ मध्ये कुष्ठरोगाचे संशोधन रुग्णालय सुरू झाले, आणि फ्रिची यांनी तिथे हे शास्त्र पुढे नेले व त्यावर पाठ्यपुस्तक लिहिले. पण मला सर्वांत जवळच्या वाटतात त्या डॉ. मेरी व्हर्गीस. १९५४ मध्ये मोटारीच्या अपघातात त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले, तेव्हा त्या तरुण डॉक्टर होत्या. वैद्यकी संपली असे सगळ्यांनी धरले असताना, कुष्ठरुग्णांच्या हातांच्या शस्त्रक्रिया बसूनही करता येतात, असे ब्रँड यांनी सुचवले आणि चाकांच्या खुर्चीतून शस्त्रक्रिया करायला त्यांना तयार केले. पुढे त्यांनी पुनर्वसनशास्त्राचे प्रशिक्षण घेतले आणि वेल्लोरला त्या विषयाचा विभाग उभारला, जो देशातल्या अगदी पहिल्या विभागांपैकी होता. १९७२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शिष्याचे अपंगत्व पाहून त्याला सहानुभूती देणारे शिक्षक पुष्कळ असतात. कामाची तपशीलवार तपासणी करून, यातले नेमके कोणते काम बसून होते, हे शोधणारा शिक्षक विरळा.

या सगळ्यात मार्गारेट ब्रँड यांचा उल्लेख राहून जातो, तो राहू नये. कुष्ठरोगात पापणी मिटेनाशी होते आणि डोळ्याची बुबुळे बधिर होतात, त्यामुळे रुग्ण आंधळे होतात. मार्गारेट या नेत्रतज्ज्ञ म्हणून या दुखण्यामागे लागल्या आणि त्या क्षेत्रात जगभर मानल्या गेल्या. हात बधिर आणि डोळेही गेलेले, असा माणूस कसा जगेल याची कल्पना करून पाहिली, तर पतीइतकेच त्यांचे काम का मोठे, हे ध्यानात येते.

ब्रँड यांना १९६० मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी ब्रिटनने सी.बी.ई. हा किताब दिला. १९६६ मध्ये ते अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, कारव्हिल येथील सरकारी कुष्ठरुग्णालयात गेले आणि वीस वर्षे तिथे राहिले. तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग, म्हणजे आज त्यांचा उपयोग काय, याचे उत्तर बरेचसे तिथे आहे. बधिर पायाला जखम एकाच मोठ्या इजेने होते असे नाही, रोजच्या चालण्यातला मध्यम दाब एकाच जागी हजारो वेळा पडला तरी ती जागा सुजते, गरम होते आणि शेवटी फुटते, हे त्यांनी उंदरांच्या पावलांवरच्या प्रयोगांतून आणि रुग्णांच्या पावलांचे तापमान मोजून दाखवले. आपला पाय दुखू लागला की आपण नकळत चाल बदलतो, भार दुसऱ्या बाजूला टाकतो, पण बधिर पाय एकाच चालीने चालत राहतो. जखमेवर संपूर्ण पायाला घट्ट बसणारे प्लास्टर घालून भार सगळीकडे वाटायचा, ही युक्ती भारतात त्यांच्या आधीपासून होती. ती त्यांनी अमेरिकेत नेली, आणि मधुमेहाच्या पायावरच्या जखमेचा तो आज जगन्मान्य उपचार आहे.

तिथे त्यांनी आणखी एक प्रयत्न केला आणि तो फसला. बधिर हातावर संवेदक बसवलेला मोजा घालायचा आणि दाब वाढला की भोंगा वाजायचा, अशी कृत्रिम वेदना त्यांच्या चमूने तयार केली. रुग्ण भोंगा ऐकत, आणि हातातले काम महत्त्वाचे वाटले की यंत्र बंद करून टाकत. खऱ्या वेदनेला बटण नसते, म्हणून ती आपल्याला वाचवते, या निष्कर्षावर ब्रँड आले. वेदनेविषयी ते इतक्या आदराने का बोलत, याची एक खासगी बाजूही आहे. अमेरिकेहून बोटीने येऊन, आगगाडीने लंडनला पोहोचलेल्या एका रात्री ते थकून, तापाने फणफणून खोलीवर आले. मोजा काढताना टाच बधिर वाटली. त्यांनी टाचणी घेऊन टोचली आणि काहीच जाणवले नाही. इतकी वर्षे कुष्ठरुग्णांत काम केलेल्या माणसाला याचा अर्थ कुणी सांगायला नको होता. रात्रभर ते जागे राहिले, मुलाबाळांपासून दूर राहावे लागेल, नव्या कुणाला या कामात ओढता येणार नाही, असे विचार करत राहिले. सकाळी त्यांनी पुन्हा टाचणी टोचली आणि दुखून ते ओरडले. गाडीत अवघडून बसल्याने नर्व्ह दबली होती, इतकेच. तो त्यांच्या आयुष्यातला एक अत्यंत आनंदाचा क्षण ठरला. ८ जुलै २००३ रोजी सिअ‍ॅटल येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची ८९ वर्षे पूर्ण व्हायला नऊ दिवस बाकी होते.

आता तुमच्यापुरते. कुष्ठरोग गेला आहे असे समजू नका. २००५ च्या अखेरीस आपल्या देशात राष्ट्रीय पातळीवर रुग्णांचे प्रमाण दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाच्या खाली आले, पण जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण अजूनही भारतातच सापडतात, आणि औषधाने जंतू मेले तरी मेलेली नर्व्ह परत येत नाही. करंगळीकडची बोटे बधिर झाली आहेत, असे सांगणारा शेतकरी तुमच्या बाह्यरुग्ण विभागात आला, तर कोपराच्या आतल्या बाजूला बोट ठेवून अल्नर नर्व्ह जाड लागते का पाहा, आणि अंगावर फिकट, सुन्न चट्टा आहे का विचारा. मधुमेही रुग्ण आला, तर त्याला मोजे काढायला सांगा, तळव्याला हाताची पाठ लावून कुठली जागा गरम आहे ते बघा आणि त्याची चप्पल उलटी करून आत हात फिरवा. बधिर पायांसाठीची एमसीआर या मऊ रबराची चप्पल कुठे मिळते, हे तुम्हाला तुमच्या शहरापुरते पाठ हवे. जमेल तेव्हा करिगिरीला काही आठवडे काढा.

१९५८ चा तो निबंध मिळवून वाचा, आणि आकृत्यांवर जाण्याआधी त्यातला निकालांचा भाग वाचा. नंतर तुम्ही स्वतः मदतीला उभे राहिलेल्या शस्त्रक्रियांपैकी एक रुग्ण निवडा, त्याला सहा महिन्यांनी बोलवा, हात टेबलावर ठेवायला सांगा आणि बोटांची टोके एकेक करून उजेडात बघा. मावशींची तीन बोटे शेवटी अर्ध्या पेराने आखूड झाली. त्या अजून येतात, पिशवीतून उलथने काढून दाखवतात आणि मूठ सैल झाली असेल तर ती बसवून द्यायला सांगतात.